सातबाऱ्यावरची सही किती वर्षं टिकेल?

महाराष्ट्रात १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला. लाखांदूर असो की तुमसर, केंद्रावर जायचं, गट नंबर सांगायचा, पंधरा रुपये शासनाची फी भरायची आणि कागद हातात घेऊन निघायचं. कागदावर शाईची सही नाही, गोल शिक्का नाही. तलाठ्याला गाठण्यासाठी दोन-तीन खेपा घालायची गरज संपली, आणि भंडाऱ्यासारख्या जिल्ह्यात ही लहान सोय नव्हे. धान केंद्रावर विकायचं, पीककर्ज काढायचं, भावाभावांत वाटणी करायची, मुलीच्या नावानं तुकडा करायचा, कुठंही पहिला प्रश्न सातबाऱ्याचाच असतो.

शाई नसलेली ही सही म्हणजे एक गणित आहे. अशा सह्यांसाठी आपल्याकडे वर्षानुवर्षं वापरात असलेली मुख्य पद्धत आरएसए या नावाची. दोन प्रचंड मूळ संख्यांचा गुणाकार करायचा आणि ६१७ आकडी उत्तर जगजाहीर करून टाकायचं. त्या दोन मूळ संख्या मात्र सही करणाऱ्यापाशी गुप्त. गुणाकार करणं सोपं, उलट फोडणं अशक्यप्राय. सगळा विश्वास एवढ्या एका गोष्टीवर उभा आहे. १९९४ साली पीटर शोर या अमेरिकी गणितज्ञानं दाखवून दिलं की क्वांटम संगणक नावाचं यंत्र प्रत्यक्षात आलं, तर ही फोड त्याला झेपण्यासारखी आहे. तेव्हा असं यंत्र कुठंच नव्हतं. आज आहे, पण अजून लहान आहे, चुका करणारं आहे, आणि दरवर्षी सुधारतं आहे.

क्वांटम संगणकावर मराठीत जे छापून येतं त्यात एकतर चमत्कार असतो, नाहीतर चीन-अमेरिकेची शर्यत. मी हा विषय वैनगंगेच्या काठावरून पाहायचं ठरवलं, कारण सातबाऱ्याचा कागद पन्नास वर्षांनीही कोर्टात दाखवावा लागतो. नवं यंत्र कुणाच्या कामाला येणार, कुणाला विचारून बनणार आणि बिघडलं तर कुणी निस्तरायचं, हे प्रश्न या जिल्ह्याला नवे नाहीत. तीनशे वर्षांपूर्वी तलाव बांधतानाही ते होते.

*

आधी यंत्र समजून घेऊ. आपल्या मोबाइलमधला बिट एका वेळी ० असतो किंवा १. क्वांटम संगणकातला क्युबिट मोजेपर्यंत दोन्ही शक्यता एकत्र धरून असतो, आणि प्रत्येक शक्यतेला एक वजन असतं. हे वजन म्हणजे टक्केवारी नव्हे. ते धन असू शकतं, ऋणही असू शकतं. वजनाचा वर्ग केला की संभाव्यता मिळते. क्युबिट वाढवले की शक्यतांची संख्या दर वेळी दुप्पट होते. पन्नास क्युबिटांना सुमारे ११२६ लाख कोटी वजनं लागतात. साध्या संगणकात ती नुसती लिहून ठेवायलाही जागा पुरत नाही.

इथं बहुतेक लेख एक चूक करतात. क्वांटम संगणक सगळी उत्तरं एकाच वेळी तपासून बरोबर उत्तर काढतो, असं लिहून मोकळे होतात. तसं होत नाही. पन्नास क्युबिट मोजले की हातात फक्त पन्नास बिट पडतात, एक उत्तर, बाकीच्या शक्यता नाहीशा. काहीच युक्ती केली नाही तर ते उत्तर चिठ्ठी उचलल्यासारखं कुठलंही असेल. खरी कारागिरी मोजण्याच्या आधी आहे. तलावात दोन जागी दगड टाकले तर लाटा एकमेकींत शिरतात. काही ठिकाणी उंचवट्यावर उंचवटा येऊन पाणी जास्त उसळतं, काही ठिकाणी उंचवट्यावर खळगा येतो आणि पाणी सपाट राहतं. क्वांटम रीत लिहिणारा माणूस हेच वजनांच्या बाबतीत घडवतो. चुकीच्या उत्तरांची धन आणि ऋण वजनं एकमेकांना मारतील, बरोबर उत्तराची एकमेकांत मिळून वाढतील, अशी पावलं तो रचतो. हे दर वेळी जमत नाही. ज्या प्रश्नांच्या पोटात काही आवर्तन, काही सममिती दडलेली असते, तिथं जमतं. मोठ्या संख्येच्या फोडीत असं आवर्तन आहे आणि शोरनं ते पकडलं. नुसत्या शोधाशोधीत फायदा बेताचा मिळतो. लव ग्रोव्हर या भारतीय वंशाच्या संगणकशास्त्रज्ञानं १९९६ साली दिलेल्या रीतीनं दहा लाख नोंदींतून एक काढायला दहा लाखांऐवजी हजाराच्या घरातल्या पायऱ्या पुरतात. उत्तम आहे, पण जादू नाही. बँकेचा हिशेब, धानाच्या पट्ट्या, शाळेचे निकाल, चित्रपट पाहणं, यातल्या कशालाही क्वांटम संगणकाचा उपयोग नाही आणि पुढंही असण्याचं कारण नाही.

दुसरी अडचण थंडीची. अतिवाहक धातूच्या सूक्ष्म मंडलांपासून बनवलेले क्युबिट निरपेक्ष शून्याच्या वर अंशाच्या शंभराव्या भागाइतक्या तापमानात ठेवावे लागतात. आकाशातल्या रिकाम्या पोकळीपेक्षाही हे कितीतरी गार. भंडाऱ्यात मे महिन्यात पारा पंचेचाळिसाला टेकतो, तेव्हा हा आकडा वाचूनच बरं वाटतं. एवढं करूनही चांगल्या यंत्रात दोन क्युबिटांच्या हजारेक क्रियांमागे एखादी चुकते. लाखो पायऱ्यांचं गणित असं चालणार नाही. म्हणून पुष्कळ कच्चे क्युबिट एकत्र बांधून त्यांच्यातून एक भरवशाचा क्युबिट घडवतात. डिसेंबर २०२४ मध्ये गुगलनं १०५ क्युबिटांच्या ‘विलो’ चिपवर दाखवलं की अशी बांधणी मोठी करत गेलं तर चूक दर टप्प्याला निम्म्याहून कमी होते. वर्तमानपत्रांनी त्या दिवशी वेगाचे आकडे छापले. खरी बातमी ही होती. आणि २०२५ सालचा भौतिकशास्त्राचा नोबेल जॉन क्लार्क, मिशेल देवोरे आणि जॉन मार्टिनिस यांना मिळाला तो हातात धरता येईल अशा विद्युत मंडलात क्वांटम वागणूक दिसते हे १९८०च्या दशकात सिद्ध केल्याबद्दल. आजचे अतिवाहक क्युबिट त्याच कामाची संतती आहेत.

आता सहीचा प्रश्न. आज डिजिटल सहीला लागणारी २०४८ बिटांची आरएसए किल्ली, म्हणजे ती ६१७ आकडी संख्या, फोडायला किती मोठं यंत्र लागेल? २०१९ साली गुगलच्या क्रेग गिडनी आणि सहकाऱ्यानं अंदाज काढला होता, दोन कोटी कच्चे क्युबिट आणि आठ तास. मे २०२५ मध्ये त्याच गिडनीनं नवा हिशेब मांडला, दहा लाखांहून कमी क्युबिट आणि आठवड्याहून कमी वेळ. यंत्रं आज शेकड्यांत आणि हजारापलीकडं थोडी पोचली आहेत, म्हणजे उद्या सकाळी काही होत नाही. पण सहा वर्षांत गरज वीसपटीनं खाली आली ती यंत्रं वाढल्यामुळे नव्हे, माणसांनी गणित सुधारल्यामुळे. ही सुधारणा कधी होईल याचं वेळापत्रक कुणी छापत नाही.

अमेरिकेच्या मानक संस्थेनं १३ ऑगस्ट २०२४ रोजी क्वांटम संगणकालाही फोडता येणार नाही अशा मानल्या जाणाऱ्या तीन नव्या पद्धतींची मानकं जाहीर केली. त्यातल्या दोन खास सह्यांसाठीच आहेत. त्या वापरायला क्वांटम संगणक लागत नाही, साध्या संगणकावर चालतात. म्हणजे औषध बाटलीत तयार आहे. ते कोट्यवधी जुन्या-नव्या कागदांना, हजारो कार्यालयांतल्या सही करणाऱ्यांच्या किल्ल्यांना आणि केंद्रांवरच्या सगळ्या छपाई यंत्रणेला लावायचं काम बाकी आहे, आणि ते माणसांचं काम आहे.

*

महाराष्ट्र या शास्त्रात कुठं उभा आहे? केंद्र सरकारनं १९ एप्रिल २०२३ रोजी राष्ट्रीय क्वांटम मिशनला मंजुरी दिली. ६००३.६५ कोटी रुपये, २०३०-३१ पर्यंत. आठ वर्षांत ५० ते १००० क्युबिटांचे संगणक बांधायचे हे त्यातलं एक उद्दिष्ट. चार केंद्रं ठरली. संगणनाचं बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत, संदेशवहनाचं मद्रास आयआयटीत, साहित्य आणि उपकरणांचं दिल्लीत आणि सूक्ष्म मापनाचं मुंबई आयआयटीत. मुंबईतच टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. विजयराघवन यांचा गट वर्षानुवर्षं अतिवाहक क्युबिट घडवतो आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये जाहीर झालं की या संस्थेनं आणि डीआरडीओच्या पुण्यातल्या तरुण शास्त्रज्ञांच्या प्रयोगशाळेनं मिळून सहा क्युबिटांच्या प्रोसेसरची सुरुवातीपासून शेवटपर्यंत चाचणी पूर्ण केली. टीसीएसही त्यात होती. पुढल्या एप्रिलमध्ये बंगळुरूच्या एका कंपनीनं पंचवीस क्युबिटांचं यंत्र पुढं आणलं. सहा, पंचवीस हे आकडे जगाच्या तुलनेत लहान आहेत. पण परदेशातून विकत आणलेली चिप नुसती चालवणं आणि स्वतः घडवून तिची प्रत्येक तार समजून घेणं यातलं अंतर विदर्भाला तरी समजावून सांगायला नको. अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे विजय भटकर पुण्यात १९८८ साली सुरू झालेल्या सी-डॅकचे प्रमुख झाले आणि १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक उभा राहिला. हवामानाच्या अंदाजासाठी मोठा संगणक हवा होता आणि तो देताना अमेरिकेनं अटी घातल्या, नकार दिले, हे त्या कामामागचं कारण होतं. सुरुवात पावसाच्या प्रश्नापासून झाली होती.

मुंबई आयआयटीचं उदाहरण मला जास्त बोलकं वाटतं. तिथं कस्तुरी साहा यांचा गट हिऱ्याच्या जाळीतल्या एका विशिष्ट दोषाचा उपयोग करून अतिसूक्ष्म चुंबकीय क्षेत्रं मोजतो. टीसीएससोबत चिपच्या आतले प्रवाह पाहणारं उपकरण बनवायचं त्यांनी २०२४ च्या अखेरीस जाहीर केलं. त्याच आवारात आरेखनाचं अभ्यासकेंद्र आहे, १९६९ पासूनचं. तिथं अनिरुद्ध जोशी आणि सहकाऱ्यांनी ‘स्वरचक्र’ नावाचा मोबाइलचा कळफलक केला. व्यंजनाला बोट लावलं की भोवती बाराखडीचं चाक उघडतं, हवी ती मात्रा बोट सरकवून घ्यायची. इंग्रजी अक्षरांच्या वाटेनं मराठी लिहायची सक्ती नाही. पहिलीत बाराखडी घोकलेल्या माणसाला ते पाहताक्षणी उमगतं. हिऱ्याच्या दोषापेक्षा हे काम कमी अवघड आहे असं मी मानत नाही. एकात निसर्गाचं वागणं नीट वाचावं लागतं, दुसऱ्यात माणसाचं. फक्त दुसऱ्याला सहा हजार कोटी कुणी देत नाही.

*

भंडाऱ्यात क्वांटम संगणकाचा खराखुरा उपयोग कुठं होईल, असं कुणी विचारलं तर मी तुमसर तालुक्यातल्या डोंगरी बुजुर्गकडे बोट दाखवीन. तिथं मॉइल कंपनीची मँगनीजची उघडी खाण आहे, चिखल्याला भूमिगत. डोंगरीच्या खनिजात मँगनीज डायऑक्साइड भरपूर. टॉर्चच्या कोरड्या सेलमध्ये तेच लागतं, आणि तिथंच विद्युतविघटनानं शुद्ध मँगनीज डायऑक्साइड बनवण्याचा कारखानाही आहे. मँगनीज हा रसायनशास्त्रज्ञांना छळणारा धातू. त्याच्या बाहेरच्या कक्षांतले इलेक्ट्रॉन एकमेकांच्या हालचालींशी इतके गुंतलेले असतात की एकेकाचा वेगळा हिशेब मांडता येत नाही, आणि सगळ्यांचा एकत्र मांडायला गेलं की साधा महासंगणक थकतो. रिचर्ड फाइनमन यांनी १९८१ मध्ये नेमकं हेच म्हटलं होतं, की निसर्ग क्वांटम आहे तर त्याची नक्कल करणारं यंत्रही क्वांटमच हवं. स्वस्त मँगनीजच्या बॅटऱ्या हव्या असतील, कोबाल्टची गरज कमी करायची असेल, तर हे गणित कधीतरी सोडवावं लागेल.

आणि खाणीबाहेरच्या बांधीत पाहा. धानाच्या प्रत्येक हिरव्या पानात मँगनीजचे चार अणू आणि कॅल्शियमचा एक अणू ऑक्सिजनांनी जोडलेला असा एक इवलासा गड्डा असतो. सूर्यप्रकाशाच्या जोरावर पाण्याचा रेणू तोडून ऑक्सिजन मोकळा करण्याचं काम तो करतो. आपण जो श्वास घेतो त्यातला ऑक्सिजन असाच मोकळा झालेला आहे. हे गड्ड्याचं काम टप्प्याटप्प्यानं कसं चालतं याचे सगळे बारकावे अजून सुटलेले नाहीत. त्याच बांधीच्या पाण्यात निळं-हिरवं शेवाळ हवेतला नायट्रोजन धरून रोपाला देतं, साध्या तापमानाला, साध्या दाबाला. कारखान्यात हेच करायला चारशे-पाचशे अंश सेल्सिअस उष्णता आणि वातावरणाच्या शेकडो पट दाब लागतो, त्यातून अमोनिया, त्यातून युरिया. जगातल्या एकूण ऊर्जेपैकी एक ते दोन टक्के या एका कामात जाते. शेवाळातलं नायट्रोजन धरणारं विकर लोखंडाचे सात आणि मॉलिब्डेनमचा एक अणू घेऊन काम करतं. त्याचं रहस्य क्वांटम संगणकावर उलगडता येईल का, याचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. २०२१ च्या सुधारित अंदाजानुसार त्याला चाळीस लाख कच्चे क्युबिट आणि सुमारे चार दिवस लागतील. भारतातल्या पंचवीस क्युबिटांपासून हे फार लांब आहे. रहस्य उलगडलं तरी रोवणीच्या दिवसांत युरियाच्या गोणीसाठी लागणारी रांग लगेच संपेल असंही नाही, कारण रांग लागते त्यात रसायनाचा वाटा थोडा आणि वाटपाचा जास्त.

हेच पुराचं. २०२० च्या ऑगस्ट अखेरीस वैनगंगेला महापूर आला, भंडारा शहरात घराघरांत पाणी शिरलं. वर मध्य प्रदेशात संजय सरोवर, खाली पवनी तालुक्यात तेहतीस दरवाजांचं गोसेखुर्द. कोणत्या धरणातून किती पाणी कधी सोडायचं हा क्वांटम संगणकासाठी आदर्श ‘इष्टतमीकरणाचा’ प्रश्न आहे, असं परिसंवादात हमखास सांगितलं जातं. माझं मत वेगळं आहे. दोन-चार धरणांचं हे गणित आजचा साधा संगणक करतो. त्या पुरानंतर चर्चा झाली ती दोन राज्यांतल्या समन्वयाची आणि निरोप वेळेत पोचण्याची. जिथं फोन वेळेत व्हायला हवा, तिथं नवा संगणक आणून उपयोग नाही. जानेवारी २०२१ मध्ये जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षाला मध्यरात्री आग लागून दहा बाळं गेली, सात वाचवता आली. तिथं उपकरणं होतीच. हा जिल्हा तंत्रज्ञानाच्या अभावानं जितका रडला त्यापेक्षा त्याच्या देखभालीच्या अभावानं जास्त रडला आहे.

*

म्हणून तलावांकडे यावं लागतं. पूर्व विदर्भातले मालगुजारी तलाव, आताचे ‘मामा’ तलाव, म्हणजे माजी मालगुजारी. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली, नागपूर मिळून ते साडेसहा हजारांहून जास्त. अठराव्या शतकाच्या आगेमागे गोंड राजांच्या आश्रयानं कोहळी समाजानं ते बांधले. जमिनीचा उतार डोळ्यांनी ओळखून पाळ कुठं घालायची, सलंग कुठं काढायचा म्हणजे जास्तीचं पाणी पाळ न फोडता वाहून जाईल, तुडूम कुठं बसवायचं म्हणजे खालच्या बांध्यांना टप्प्याटप्प्यानं पाणी मिळेल, हे ज्ञान मध्य प्रांताच्या गॅझेटिअर लिहिणाऱ्या इंग्रजांनाही नोंदवावंसं वाटलं. त्यांनी नुसती पाळ पाहिली. पाळीमागे जी व्यवस्था होती ती जास्त महत्त्वाची होती. पाणी कुणाला आधी, गाळ कुणी काढायचा, मासळी कुणाची, कमळकंद आणि शिंगाडे कुणाचे, हे गावात ठरलेलं होतं. त्यात न्याय होता असं मी म्हणत नाही, मालगुजाराचा वरचष्मा होताच. पण बिघडलं तर कुणी दुरुस्त करायचं हे सगळ्यांना ठाऊक होतं.

१९५० च्या कायद्यानं मालगुजारी संपली, आणि ती संपायलाच हवी होती. तलाव सरकारजमा झाले. दुरुस्तीची जबाबदारी खात्याकडे गेली आणि गावाचा हात सुटला. गाळ साचत गेला, तुडुमं गळू लागली, काठानं बेशरम ही वनस्पती माजली. मासळीसाठी रोहू-कटल्याचं बीज सोडण्याची योजना आली. तळ्यात काय सोडायचं हे कागदावर ठरलं, तळ्यात रोज उतरणाऱ्या ढिवर मासेमारांना विचारून नाही. स्थानिक मासे घटले.

मग मनीष राजनकर आणि भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ यांनी ढिवर समाजासोबत जे काम केलं, ते मला माणूस मध्यभागी ठेवून केलेल्या तंत्रज्ञानाचं विदर्भातलं सर्वांत स्पष्ट उदाहरण वाटतं, जरी त्यात एकही चिप नाही. त्यांनी सुरुवात बीज टाकण्यापासून केली नाही. कोणत्या माशाला काय लागतं, कोण कुठं अंडी घालतो, कुठल्या वनस्पतीच्या आडोशाला पिल्लं वाढतात, हे जाळं टाकणाऱ्यांकडून नोंदवून घेतलं. बायकांनी आणि पुरुषांनी मिळून बेशरम उपटली, तळ्याचा तळ नांगरला आणि पाण्याखालच्या वनस्पती रोपांसारख्या लावल्या. मासा परत आणायचा तर आधी त्याचं घर लावावं लागतं, हे ढिवरांचं ज्ञान होतं. अभ्यासकांनी त्याला वह्या, नकाशे आणि मोजमाप दिलं. अशा तळ्यांत देशी माशांचं उत्पन्न वाढलं. काम अजून चालू आहे, ते भंडारा-गोंदियाच्या बाहेर फारसं कुणाला माहीत नाही.

युरोपात हाच विचार कामगार चळवळीतून आला. नॉर्वेत १९७० च्या सुमारास क्रिस्टन नायगार्ड, ज्यानं संगणकाची ‘सिम्युला’ ही भाषा रचण्यात निम्मा वाटा उचलला, तो धातू कामगारांच्या संघटनेसोबत बसला. कारखान्यात येणारा संगणक कसा असावा हे कामगारांनी ठरवायचं, हे त्यानं धरून ठेवलं. इंग्लंडात लुकास एरोस्पेस या शस्त्रास्त्रांची कामं करणाऱ्या कंपनीतल्या कामगारांनी १९७६ साली, कपात होऊ नये म्हणून, आपल्या हातच्या कौशल्यातून समाजाला उपयोगी काय काय बनवता येईल याची जंगी यादीच मालकांपुढं ठेवली. मालकांनी ती फेटाळली. तिच्यामागच्या माइक कूलीनं पुढं ‘मानवकेंद्री’ यंत्ररचनेचा विचार आयुष्यभर मांडला. जवाहरनगरच्या आयुध निर्माणीच्या जिल्ह्यात ही यादी कुणी मराठीत आणली तर मी आवर्जून वाचीन.

*

आता पुन्हा आजच्या मोबाइलकडे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकऱ्यानं स्वतः बांधावर उभं राहून पिकाचा फोटो काढायचा, ठिकाण आपोआप नोंदलं जातं, पेरा सातबाऱ्यावर चढतो. पूर्वी ही नोंद तलाठी चावडीत बसून अंदाजानं करतो अशी तक्रार असे, तेव्हा कल्पना योग्यच होती. ही नोंद झाली तर आधारभूत केंद्रावर धान विकता येतं, २०२५-२६ साठी साधारण धानाला क्विंटलला २३६९ रुपये. नोंद नाही तर व्यापारी देईल तो भाव.

अडचण कुठं येते? ज्या दिवसांत नोंद करायची ते रोवणीनंतरचे दिवस. पावसाची झड, चिखल, ढगात हरवलेला सिग्नल. फोन घरातल्या पोराचा, तो पुण्याला. ॲप ओळखतं ते खातेदाराला. जमीन कसतो तो बटईदार किंवा ठेक्यानं घेणारा, त्याचं नाव कुठंच नाही. पऱ्हे उपटणाऱ्या आणि चिखलात वाकून रोवणी करणाऱ्या बाईचं नाव सातबाऱ्यावर क्वचित असतं. तिनं फोटो काढला तरी ॲपच्या लेखी तो दुसऱ्याचा. पुढं गावपातळीवर सहायक नेमले गेले, तेव्हा बराच भार उतरला. म्हणजे शेवटी यंत्राला माणूस जोडावाच लागला. तो पहिल्या दिवसापासून आराखड्यात असता तर सुरुवातीची दोन-तीन वर्षं कमी मनस्तापाची गेली असती.

सह्या बदलायची वेळ येईल तेव्हा हेच सगळं पुन्हा घडू शकतं. नव्या पद्धतीच्या सह्या आरएसएपेक्षा आकारानं बऱ्याच मोठ्या आहेत, काही दहापटीच्या वर. कागदावरच्या चौकोनी संकेतात त्या मावतील का, खेड्यातल्या मंद जोडणीवर किती वेळ घेतील, जुन्या सातबाऱ्यांवर नव्यानं सही चढवताना आधीची खरी होती हे कोण आणि कसं सिद्ध करणार, हे प्रश्न मुंबईच्या सर्व्हर खोलीत बसून सुटणार नाहीत. आणि या प्रश्नाला घाई आहे, दहा लाख क्युबिटांचं यंत्र कधीही येवो. जमिनीचा दावा तीन पिढ्या चालतो. आज केलेली सही २०५० साली खोटी पाडता येत असेल, तर ती आजच कच्ची आहे. जगभर गुप्त संदेशांच्या बाबतीत ‘आत्ता साठवा, मग फोडा’ या धोक्याची चर्चा चालते. खेड्यातल्या माणसाकडे लपवण्यासारखे संदेश फारसे नसतात, त्याच्याकडे कागद असतो. बनावट फेरफाराचा धोका त्याला गुपित फुटण्यापेक्षा मोठा आहे.

भंडाऱ्यातली मुलं नागपूर, पुणे, बंगळुरूच्या संगणक कंपन्यांत आता शेकड्यांनी आहेत. आयबीएमनं मे २०१६ मध्ये पाच क्युबिटांचं यंत्र इंटरनेटवर सर्वांसाठी खुलं केलं, तेव्हापासून साकोलीच्या महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यालाही खऱ्या क्वांटम संगणकावर स्वतःचं मंडल चालवून पाहता येतं. त्यासाठी बारावीचं गणित आणि थोडी चिकाटी पुरते. ती जरूर करावी. पण त्यांच्याकडे माझं मागणं दुसरंच आहे. जमिनीच्या नोंदी, धान खरेदी, पीककर्ज अशा कुठल्याही यंत्रणेवर तुम्ही काम करत असाल, तर तिची पहिली चाचणी डिसेंबरात वातानुकूलित खोलीत करू नका. जुलैत लाखांदूरला या, रोवणीच्या आठवड्यात, आणि फोन बांधावर उभ्या असलेल्या बाईच्या हातात द्या. तिच्या हातून जिथं अडेल, तिथून दुरुस्ती सुरू करा.